ती जमीन कोरी नव्हती

इंग्लंडमधल्या लहानात लहान खेड्याचाही इतिहास कुणीतरी लिहून ठेवलेला असतो. गावच्या चर्चमध्ये दाराशी ठेवलेल्या वीस-पंचवीस पानी पुस्तिकेत सगळे काही मिळते: १०८६ सालच्या डूम्सडे नोंदवहीत गावात किती नांगर होते, चर्चचा मनोरा कोणत्या शतकात उभा राहिला, पाणचक्की कुठे होती, कोपऱ्यावरचा पब कधीपासून चालतो. गाव पन्नास घरांचे असले तरी या उद्योगात कुणाला काही वावगे वाटत नाही. छत्तीसगडमधल्या भिलाईच्या स्मृति नगराचा असा इतिहास लिहायचा म्हटले, तर मात्र ऐकणारा हसेल. स्मृति नगर म्हणजे पोलाद कारखान्याच्या टाउनशिपबाहेर, रेल्वेमार्गाच्या उत्तरेला, जुनवानी आणि कोहका या गावांच्या अंगाने वाढलेली वसाहत. आखीव भूखंड, त्यांवरचे बंगले, मग बंगल्यांवर चढलेले मजले, शाळा, शिकवणी वर्ग, दवाखाने, किराणा दुकाने. इथे कसली आली ऐतिहासिक स्थळे, असा प्रश्न सहज पडतो. पण हा प्रश्न इतिहास इमारतींच्या वयावर मोजतो, आणि तिथेच तो फसतो. जमीन, पाणी आणि कागद यांकडे पाहिले, तर स्मृति नगर आणि भोवतालच्या गावांपाशी एक चांगले ग्रामचरित्र लिहिता येईल इतकी सामग्री आहे. ती नाहीच असे धरून चालल्याचा तोटा होतो तो आज तिथे राहणाऱ्यांचाच.

भिलाईचा म्हणून जो इतिहास सांगितला जातो, तो एका तारखेपासून सुरू होतो. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात दहा लाख टन क्षमतेच्या पोलाद कारखान्याचा करार झाला. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली. मग क्रमांकांची सेक्टरे वसली, रुंद रस्ते झाले, सेक्टर नऊचे मोठे रुग्णालय झाले, १९७२ मध्ये दोन देशांच्या मैत्रीची खूण म्हणून मैत्री बाग हे प्राणिसंग्रहालयासह उद्यान उभे राहिले. देशाच्या रेल्वेचे रूळ इथे घडतात, हे शाळकरी पोरालाही ठाऊक असते. यात खोटे काही नाही, आणि या कर्तृत्वाचा अभिमान वाटण्यात गैरही नाही. अडचण आहे ती या कथेच्या पहिल्या वाक्यात: आधी इथे माळरान होते, काहीच नव्हते. हे वाक्य गृहीत धरले की पुढे स्मृति नगरासारख्या वसाहतीला इतिहासच उरत नाही. कारखान्यालाच जेमतेम सात दशके झाली, तर त्याच्या पगारावर आणि पेन्शनवर उभ्या राहिलेल्या वस्तीची काय कथा?

कारखाना इथे का आला, याचे उत्तरच त्या वाक्याला खोटे पाडते. दल्ली-राजहराच्या डोंगरांतले लोहखनिज प्रमथनाथ बोस यांच्यासारख्या भूवैज्ञानिकांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी नोंदवले होते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दोराबजी टाटा नागपुरात सचिवालयाच्या कामासाठी आले असताना तिथल्या संग्रहालयात, म्हणजे नागपूरकरांच्या अजब बंगल्यात शिरले आणि मध्य प्रांताच्या भूगर्भीय नकाशात दुर्ग भागावर लोखंडाचा गडद रंग पाहून थबकले, ही हकीकत टाटांच्या इतिहासात येते. त्यांच्या तज्ज्ञांनी डोंगर पाहिले, खनिज उत्तम निघाले. पण कोळसा आणि पाणी यांचा मेळ बसेना, म्हणून टाटा पूर्वेकडे गेले आणि पुढे जमशेदपूर झाले. दरम्यान नागपूरहून राजनांदगावपर्यंत आलेली रेल्वे बंगाल-नागपूर कंपनीने हाती घेऊन १८९१ पर्यंत आसनसोलला भिडवली होती. दुष्काळांनी पोळलेल्या या मुलखात सिंचनासाठी तांदुळा धरण १९२१ मध्ये पुरे झाले. भाताला पाणी मिळावे म्हणून बांधलेल्या या धरणाचे पाणी पुढे भिलाईच्या भट्ट्यांनाही मिळाले. म्हणजे खनिज, लोहमार्ग आणि पाणी ही तिन्ही कामे १९५५ च्या आधीच होऊन गेलेली होती, आणि ती नसती तर सोव्हिएत अभियंत्यांनाही दुसरीकडेच जागा शोधावी लागली असती.

याहून जुने पाहायचे तर भिलाईहून रायपूरकडे जाताना चरोद्याजवळचे देवबलोदा हे गाव आहे. रेल्वेच्या प्रचंड यार्डाच्या शेजारी, आज जवळजवळ शहरात विरघळलेल्या या गावात कलचुरी काळातले, साधारण तेराव्या शतकातले वालुकाश्माचे शिवमंदिर उभे आहे. मंदिर पूर्वाभिमुख आहे. गाभारा आणि खांबांचा मंडप शाबूत आहे, नागर घाटाच्या शिखराचा माथा मात्र नाही. बाहेरच्या भिंतींवर ओळीने कोरलेल्या आकृतींत देवदेवतांइतकीच शिकारीची दृश्येही आहेत. शिखर अपुरे का राहिले, याची गावकऱ्यांपाशी एक गोष्ट आहे. कारागीर रात्री विवस्त्र होऊन काम करी आणि त्याची बायको जेवण घेऊन येई. एके रात्री बायकोऐवजी बहीण आली, लाजेने त्याने मंदिराजवळच्या कुंडात उडी घेतली, बहिणीनेही तळे जवळ केले, आणि काम तसेच राहिले. ही गोष्ट इतिहास नव्हे. अशाच कहाण्या इतर ठिकाणच्या मंदिरांच्याही सांगतात. परंतु पुरातत्त्व खात्याचे संरक्षण लाभलेले, महाशिवरात्रीला आजही जत्रेने गजबजणारे हे मंदिर एवढे तर निर्विवाद सांगते की सातशे वर्षांपूर्वी या पंचक्रोशीत दगड आणून घडवणारे कारागीर होते, त्यांना पोसणारा शेतीचा वरकड होता आणि धान्य गोळा करणारी सत्ता होती. ओसाड माळावर असे मंदिर उभे राहत नाही.

मधल्या काळाचे धागे तर मराठी वाचकाच्या ओळखीचे आहेत. १७४१ मध्ये नागपूरकर भोसल्यांची फौज भास्करपंतांच्या हाताखाली छत्तीसगडात उतरली तेव्हा दुर्ग हा त्यांच्या तळाचा मुक्काम होता. पुढे बिंबाजी भोसल्यांनी रतनपूरहून कारभार केला आणि १७८७ मध्ये त्यांच्या मृत्यूनंतर नागपूरहून सुभेदार येऊ लागले. १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले, १८६१ मध्ये मध्य प्रांत बनला, १९०६ मध्ये दुर्ग हा स्वतंत्र जिल्हा झाला. राजधानी मात्र नागपूरच राहिली, थेट ३१ ऑक्टोबर १९५६ पर्यंत. भिलाईच्या कराराची शाई वाळली तेव्हा हा भाग नागपूरहून चालणाऱ्या राज्यात होता, ही गोष्ट भिलाईत स्थिरावलेली वैदर्भीय कुटुंबेही क्वचितच लक्षात घेतात. भोसल्यांच्या कारभाराचे कौतुक करण्यासाठी हे सांगायचे नाही; वसुलीपुरता संबंध ठेवणारी ती राजवट होती, अशी टीका तिच्यावर होते आणि ती निराधार नाही. मुद्दा वेगळा आहे. ज्या मुलखातून दीडशे-दोनशे वर्षे गावनिहाय सारा वसूल होत होता, तो मुलूख रिकामा कसा असेल?

या वसुलीनेच गावाचा सर्वांत मोलाचा दस्तऐवज निर्माण केला. इंग्रजांनी १८६० च्या दशकात जमाबंदी केली. रायपूर जिल्ह्याचा, म्हणजे त्या काळी आजच्या दुर्गच्या बऱ्याच भागाचा, अहवाल जमाबंदी अधिकारी हेविट यांनी १८६९ मध्ये दिला. गावचा गौंटिया, म्हणजे गावप्रमुख, मालगुजार झाला आणि प्रत्येक गावाची मिसल, म्हणजे जमीन-नोंदींचे दफ्तर, तयार होऊ लागली. आपल्याकडच्या सातबाऱ्याची सवय असलेल्याने ही मिसल एकदा डोळ्यांखालून घालावी. खसरा क्रमांक, कास्तकाराचे नाव, बापाचे नाव, जात, राहण्याचे ठिकाण, क्षेत्र, जमिनीचा प्रकार, सारा. सोबत गावचा नकाशा आणि ‘वाजिब-उल-अर्ज’ म्हणजे गावच्या रूढींची नोंद: सरपण कुठून आणायचे, गुरे कुठे चारायची, कोणत्या तळ्याचे पाणी कोणी कशासाठी वापरायचे. जमीनही नुसती ‘जमीन’ म्हणून नोंदली जात नसे. काळी ती कन्हार, पिवळसर ती मटासी, दोन्हींच्या मधली ती डोरसा आणि मुरमाड उंचवट्याची ती भाठा. छत्तीसगडात या मिसली नुसत्या दफ्तरात धूळ खात पडलेल्या नाहीत. जातीच्या दाखल्यासाठी १९५० पूर्वीचा पुरावा लागतो, म्हणून आजही लोक १९२९-३० च्या आसपासच्या मिसलीत आजोबा-पणजोबांचे नाव शोधत फिरतात. ज्या कागदाच्या जोरावर नातवाला महाविद्यालयात प्रवेश मिळतो, त्याच कागदावरून गावाचा इतिहास का लिहिला जाऊ नये?

कागदाला जमिनीवरच्या खुणांची जोड मिळते आणि त्या खुणांत पहिला मान तळ्यांचा. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीच्या माजी मालगुजारी तलावांची ज्यांना ओळख आहे, त्यांना छत्तीसगडचे गाव परके वाटणार नाही. इथे एका गावाला एक तळे पुरत नाही. माणसांच्या अंघोळीचे वेगळे, गुरांचे वेगळे, शेताला पाणी देणारे वेगळे. जुन्या वैभवशाली गावांविषयी ‘छै आगर छै कोरी’, म्हणजे सहा विसा आणि वर सहा, एकशे सव्वीस तळी असल्याचे अभिमानाने सांगतात. कित्येक तळ्यांच्या मधोमध सालवृक्षाचा एक खांब उभा दिसतो. तळे खोदून झाले की त्याचे लग्न लावण्याची रीत होती, त्या लग्नाचा हा खांब. काठावर शीतळा मातेचे ठाणे, वस्तीत दिवाळीच्या गौरा-गौरी पूजेचा चौरा, सतनामी वस्तीत पांढऱ्या निशाणाचा जैतखाम हा खांब, गुरे जमण्याची दैहान. इंग्लिश खेड्यात जे स्थान चर्च, पब आणि गावच्या हिरवळीला, तेच इथे या जागांना. शहर अंगावर आले तरी यांतल्या काही खुणा टिकून राहतात, कारण देवस्थान हलवायला कुणी धजत नाही. शेते मात्र सहज जातात, आणि तळी त्यांच्या मागोमाग बुजतात.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप असा की हा सगळा जुनवानीचा, कोहक्याचा किंवा देवबलोद्याचा इतिहास झाला. स्मृति नगर त्यानंतरचे, आणि तिथल्या बहुसंख्य रहिवाशांचा या गावांशी संबंध नाही. हे खरे आहे, पण अशी वस्ती अपवाद नव्हे. नारायण गोविंद चापेकरांनी १९३३ मध्ये बदलापूर या आपल्या गावावर मोठा ग्रंथ लिहिला. जाती, शेती, सणवार, बाजारभाव, बोलीतले शब्द, सगळे त्यात नोंदले. आज त्याच बदलापुरात मुंबईला लोकलने जाणाऱ्यांच्या इमारतींची रांग लागली आहे आणि तिथे राहणाऱ्या बहुतेकांचे मूळ गाव दुसरेच कुठले तरी आहे. तरीही बदलापूरच्या नदीविषयी, पुराविषयी, जुन्या वस्तीविषयी बोलायचे झाले तर त्या ग्रंथाचा आधार हाताशी आहे. शिवाय स्मृति नगरचे स्वतःचे असे एक प्रकरण आहेच. भाताचे शेत भूखंड कसे झाले, हे ते प्रकरण. टाउनशिपमधला क्वार्टर नोकरी असेपर्यंतचा. निवृत्तीनंतर तो सोडावा लागे. ज्याची पोरे भिलाईतच जन्मली आणि शिकली, त्याला केरळ, आंध्र, बंगाल, पंजाब वा विदर्भातल्या मूळ गावी परतणे जड जाई. मग टाउनशिपच्या बाहेर स्वतःची जागा हवी झाली आणि रेल्वेच्या पलीकडची शेते वसाहतींत बदलू लागली. देशाच्या सार्वजनिक क्षेत्राने मध्यमवर्ग कसा घडवला, हे कळायला याहून नेमकी जागा शोधून सापडणार नाही.

दुसरा आक्षेप साधनांचा. इंग्लंडपाशी हजार वर्षांची दप्तरे आहेत, आपल्यापाशी काय आहे? पण तिकडचीही साधने वाटतात तितकी अखंड नाहीत. चर्चमधल्या जन्म-लग्न-मृत्यूच्या नोंदी सुरू झाल्या १५३८ मध्ये. त्याआधीच्या सामान्य माणसांची नावे बहुतेक ठिकाणी कुठेच नाहीत. विशेष म्हणजे डब्ल्यू. जी. हॉस्किन्स यांचे ‘द मेकिंग ऑफ द इंग्लिश लँडस्केप’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले तेच मुळी १९५५ मध्ये, भिलाईच्या कराराच्याच वर्षी. कुंपणे, वाटा, शेतांचे आकार आणि बांध हे दस्तऐवजासारखे वाचता येतात, हे त्यांनी वाचकांना पटवून दिले आणि इंग्लंडमध्ये गावोगाव हौशी इतिहासकार चिखलाचे बूट घालून हिंडू लागले. यॉर्कशरमधल्या व्हॅरम पर्सी या उजाड खेड्यात १९५० पासून चाळीस वर्षे उत्खनन चालले, ते राजवाड्यासाठी नव्हे, साध्या शेतकऱ्यांच्या घरांसाठी. मराठीला ही दृष्टी नवी नाही. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी घरोघरची दप्तरे धुंडाळली, त्रिंबक नारायण आत्र्यांनी १९१५ मध्ये ‘गाव-गाडा’ लिहून गावाची व्यवस्था उलगडली. साधने नाहीत असे नाही; ती शोधणारा माणूस भिलाईच्या वाट्याला कमी आला. जो आला, त्याने काय मिळते ते दाखवून दिले. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचे मानववंशशास्त्रज्ञ जोनाथन पॅरी यांनी १९९० च्या दशकापासून कारखान्यात आणि भोवतालच्या खेड्यांत वर्षानुवर्षे काम करून भिलाईवर मोठा ग्रंथ लिहिला.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे. गावाचा इतिहास म्हणजे गावाचे गोडवे, आणि त्या गावात जात होती, अस्पृश्यता होती, मालगुजाराची बेगार होती. कारखान्याने निदान एका छताखाली सर्वांना आणले. मग मागे कशाला वळायचे? याचे उत्तर असे की खरा ग्रामेतिहास गोडवे गात नाही. व्हॅरम पर्सीचे शेतकरी मेंढ्यांना कुरणे हवी म्हणून हुसकले गेले. पुढे गायरानांना कुंपणे घालणारे हजारो कायदे इंग्लंडच्या संसदेने केले आणि गरिबांची चराई गेली. इंग्लिश खेड्याच्या सुंदर चित्रामागचे हे सत्य इतिहासकारांनीच बाहेर आणले. भिलाईतही तसेच व्हायला हवे. अस्पृश्य मानल्या गेलेल्या सतनाम्यांचा जैतखाम कुठे उभा आहे आणि गावाच्या मुख्य वस्तीपासून किती लांब, हे नकाशावर दाखवले की जातीची रचना आपोआप दिसते. आणि कारखान्याची बाजूही सरळ नाही. पॅरींच्या अभ्यासानुसार सुरुवातीला स्थानिक शेतकरी कारखान्यात जायला बिचकत. बांधकामासाठी नरबळी दिले जातात, अशा अफवा उठत. नोकऱ्या मोठ्या संख्येने बाहेरून आलेल्यांकडे गेल्या, आणि स्थानिकांना त्यांचे मोल कळेपर्यंत दारे अरुंद होत गेली. कायम कामगार आणि ठेकेदाराकडचा मजूर यांच्यातली दरी रुंदावली. ठेका मजुरांचे नेते शंकर गुहा नियोगी यांची २८ सप्टेंबर १९९१ रोजी भिलाईतच गोळ्या झाडून हत्या झाली. त्याच परिसरातल्या गनियारी गावच्या तीजनबाई मात्र पंडवानी, म्हणजे महाभारताची कथा, गात जगभर गेल्या, भिलाई पोलाद कारखान्यात नोकरीला होत्या आणि २०१९ मध्ये पद्मविभूषण झाल्या. गाव आणि कारखाना यांच्यात तुटणे आणि जुळणे दोन्ही घडले. फक्त कारखान्याची कथा सांगितली तर यातले अर्धे गळते.

हे सारे मान्य करूनही कुणी विचारील की याचा उपयोग काय. उपयोग रोकडा आहे. निस्तारी म्हणजे गावाच्या रोजच्या वापराचे तळे, गायरान, पाणंद या जागा सामाईक म्हणून टिकायच्या तर त्या मुळात तशा होत्या हे दाखवावे लागते. तळ्यांसारखी सामाईक संपत्ती बुजवून घरांसाठी वाटता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००१ च्या हिंचलाल तिवारी खटल्यात सांगितले. पण न्यायालयात उभे राहायचे तर तळ्याचा खसरा क्रमांक लागतो, जुना नकाशा लागतो. भाताच्या शेतांतून पाणी कुठून कुठे वाहत होते हे माहीत नसले, की पावसाळ्यात ते नव्या वसाहतीच्या रस्त्यावर वाहते आणि दोष पावसाला दिला जातो. भाठ्याची मुरमाड जमीन पाणी धरून ठेवत नाही, कन्हार चिखल करते. घर बांधणाऱ्याला या गोष्टी वास्तुविशारदाइतक्याच मिसलीनेही सांगितल्या असत्या. जुनवानीकडे शिक्षणसंस्थांची रीघ लागली आहे, थोड्या अंतरावर कुटेलाभाठ्यात आयआयटीचे संकुल उभे राहिले आहे. वस्ती थांबणार नाही आणि थांबावी असे म्हणणेही नाही. पण वाढणाऱ्या वस्तीला आपल्या पायाखाली काय आहे हे कळले, तर ती निदान तीच चूक पुन्हा करणार नाही.

अशा पुस्तिकेत काय असावे, हेही यातून ठरते. स्मृति नगर ज्या गावांच्या शिवारावर वसले, त्यांचा मिसलीतला नकाशा आणि त्यावर आजचे रस्ते. प्रत्येक तळे, ते कशाचे होते आणि आज तिथे काय आहे. शीतळा, गौरा-चौरा, जैतखाम यांच्या जागा. भूखंड कधी पडले, कोणत्या दराने, कोणाच्या शेतावर. कारखान्यातून निवृत्त झालेली कुटुंबे कुठून आली. यासाठी पुरातत्त्व खात्याची वाट पाहण्याची गरज नाही. तहसील कार्यालय, वसाहतीच्या संस्थेचे जुने दप्तर आणि शेजारच्या महाविद्यालयांतले इतिहास-भूगोलाचे विद्यार्थी एवढे भांडवल पुरते. घाई मात्र करायला हवी. इंग्लिश खेड्याच्या इतिहासकाराला शेत सोडून गेलेल्या शेतकऱ्याचे म्हणणे कधीच ऐकता आले नाही. त्याला बांधांवरून आणि पायांच्या दगडांवरून अंदाज बांधावा लागला. भिलाईत शेत विकलेली आणि त्यावर घर बांधलेली, दोन्ही बाजूंची माणसे अजून एकमेकांच्या शेजारी राहतात. दोघांनाही विचारता येते, आणि दोघांच्या उत्तरांतला फरक मिसलीशी ताडून पाहता येतो. ही सोय आणखी एका पिढीनंतर नसेल.